चाकाची नेमी कशी वाकवत?

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातले बत्तिसावे सूक्त इंद्राचे आहे आणि परंपरेने ते वसिष्ठांच्या नावावर आहे. मागणे नेहमीचेच: धन दे, राखण कर, वैऱ्याला दूर ठेव. विसाव्या ऋचेत मात्र ऋषी एक उपमा वापरतो. सुतार जशी चांगल्या लाकडाची नेमी वाकवून आणतो, तसा मी स्तुतीच्या बळावर इंद्राला तुमच्याकडे वळवून आणतो, असा तिचा आशय. नेमी म्हणजे चाकाचा बाहेरचा लाकडी घेर. आऱ्यांची टोके त्यात बसतात. आठव्या मंडलातल्या पंच्याहत्तराव्या सूक्तात हीच उपमा पुन्हा येते. तिथे नेमी वाकवणारे ऋभू आहेत, म्हणजे देवांचे कारागीर, आणि जवळ आणायचा आहे तो यज्ञ.

रथाच्या चाकाचा घेर लाकूड वाकवून करत, याचा वैदिक वाङ्मयातला सर्वांत स्पष्ट पुरावा या दोन ऋचांचा. मॅक्डोनेल आणि कीथ यांच्या १९१२ सालच्या ‘वेदिक इंडेक्स’मधली नेमीची नोंदही त्यांतल्या पहिलीवर उभी आहे: लाकूड चांगले लागे आणि ते वाकवून आकाराला आणत. लाकूड मऊ कसे करत, पाण्यात घालत की विस्तवावर धरत, ओले घेत की वाळलेले, याबद्दल दोन्ही ऋचा गप्प आहेत. त्यांनी बोलावे असे कारणही नाही. ऋषीला इंद्र वळवायचा होता, सुतारकी शिकवायची नव्हती.

पुढची हजार-दीड हजार वर्षे कागदपत्रांची, म्हणजे इथे पाठांतराने टिकलेल्या ग्रंथांची, तऱ्हा अशीच राहते. चाक करणारा आणि बाण करणारा सतत भेटतो, पण कुणाच्या तरी दृष्टान्तात. लिहिणाऱ्याने ते काम रस्त्याने जाता-येता पाहिलेले असते, हाताने केलेले नसते. त्या दृष्टान्तांतून वाकवण्याची रीत कुठवर परत उभी करता येते, एवढेच इथे पाहायचे आहे.

वस्तू हाताशी असत्या तर हा खटाटोप पडला नसता. इजिप्तच्या अभ्यासकांना त्या मिळाल्या. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरने तुतनखामेनचे थडगे उघडले. त्यात सहा रथ होते, सुटे केलेले, पण लाकूड शाबूत. लिटाउअर आणि क्राउवेल यांनी १९८५ मध्ये त्यांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. त्या चाकांचे घेर वाकवलेल्या लाकडाचे आहेतच, पण आरेसुद्धा वाकवून केलेले आहेत. प्रत्येक तुकडा मधोमध कोनात वळवलेला, आणि तो शेजारच्या दोन आऱ्यांची एकेक बाजू होतो. असे तुकडे पाठीला पाठ लावून सरसाने चिकटवले की पूर्ण आरा. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातल्या इजिप्शियन रथाला एल्मचे लाकूड आणि बर्चची साल वापरलेली आहे. ही दोन्ही झाडे नाईलकाठची नव्हेत. वाकणारे लाकूड दूरदेशाहून आणवण्याइतकी त्या कामाची किंमत होती. आर्मेनियात सेवान सरोवराचे पाणी खाली गेल्यावर लचाशेन इथल्या थडग्यांतून जे रथ निघाले, त्यांच्या चाकांना अठ्ठावीस-अठ्ठावीस आरे आणि घेर वाकवलेल्या दोन अर्ध्या तुकड्यांचा.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला ब्राँझचा बैलरथ सर्वांना छायाचित्रांतून ओळखीचा आहे. त्याची चाके भरीव आहेत. सनौलीला २०१८ मध्ये निघालेल्या गाड्यांची चाकेही भरीव, वर तांब्याचे त्रिकोणी तुकडे जडवलेली. आऱ्यांची चाके पाहायची तर सांचीला किंवा भाज्याला जावे. भाज्याच्या विहारात चार घोड्यांचा रथ कोरलेला आहे, बहुतेक जण त्यातल्या पुरुषाला सूर्य मानतात. दगडावरून चाकाचा आकार कळतो. लाकडाचे तंतू त्यात कुठल्या दिशेने धावत होते हे कळत नाही, आणि आपला सगळा प्रश्न तर तोच आहे.

तंतूंचे हे प्रकरण थोडे सावकाश पाहू. आपल्या बैलगाडीच्या चाकाचा घेर एकसंध नसतो. बाभळीसारख्या चिवट लाकडाचे बाकदार तुकडे वाकसाने तासून काढतात, ते टोकाला टोक लावून खुंट्यांनी जोडतात आणि वरून तापवलेली लोखंडी धाव चढवतात. धाव निवताना आवळते आणि सगळे जागच्या जागी दाबून धरते. यात कुठेही लाकूड वाकवावे लागत नाही. पण सरळ फळीतून बाकदार तुकडा तासला की त्याच्या दोन्ही टोकांशी तंतू आडवे कापले जातात आणि तिथे तो कमजोर होतो. म्हणून तुकडा जाड ठेवावा लागतो, चाक जड होते. बैलाला ते चालते. दोन घोड्यांनी धावत ओढायच्या रथाला चालत नाही. वाकवलेल्या घेरात तंतू वळणाबरोबर अखंड फिरतात, त्यामुळे निम्म्या जाडीतही तो टिकाव धरतो.

आता वाकवण्यातली अडचण. समजा, चाक ९० सेंटिमीटर व्यासाचे आहे (तुतनखामेनची चाके साधारण एवढीच) आणि घेर ४ सेंटिमीटर जाड. मध्यरेषेची त्रिज्या ४३ सेंटिमीटर येते, बाहेरच्या कडेची ४५, आतल्या कडेची ४१. म्हणजे सरळ पट्टी गोल करताना बाहेरची कड सुमारे साडेचार टक्के ताणली गेली पाहिजे आणि आतली तेवढीच दबली पाहिजे. वाळके, थंड लाकूड एक-दोन टक्के ताणातच तडकते. २ सेंटिमीटर जाडीची पट्टी घेतली तर हिशेब सव्वादोन टक्क्यांवर येतो. तरीही तो धोक्याच्या रेषेवरच राहतो.

लाकूड ओले असून तापले की त्याचे वागणे बदलते. तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य ओलाव्यात, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आसपास मऊ पडते. कोरड्या लाकडात त्याला बरीच जास्त उष्णता लागते. मऊ झालेले चांगले लाकूड लांबीच्या दिशेने पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत दाबता येते. ताणायची ताकद मात्र फारशी वाढत नाही, ती एक-दोन टक्क्यांवरच अडते. म्हणून वाकवण्याची सगळी कला आतली कड दाबण्यात आहे, बाहेरची ताणण्यात नाही. खुर्च्यांसाठी प्रसिद्ध झालेल्या मिखाएल थोनेटने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नेमके हे ओळखले आणि बाहेरच्या कडेला लोखंडी पट्टी घट्ट बांधून लाकडाला ताणूच दिले नाही. आजही वाफेवर काम करणारे सुतार इंचभर जाडीला तासभर वाफ असा ढोबळ हिशेब धरतात. जालंधरकडे तुतीच्या लाकडाच्या हॉकी स्टिकचा आकडा वाफेवर वळवण्याची रीत होती, तीही याच तत्त्वावर.

हे भौतिकशास्त्र वसिष्ठांच्या काळीही हेच होते. त्यामुळे ऋचा गप्प असली तरी एवढे खात्रीने म्हणता येते, की ज्या सुताराने पुरेशी जाड नेमी खरोखर वाकवली, त्याने लाकडाला ओल आणि उष्णता यांपैकी किमान एक, बहुधा दोन्ही, दिलेल्या असणार. प्रश्न ‘खरोखर वाकवली’ या शब्दांपाशी अडतो.

कारण ऋग्वेदातच उलट बाजूचा पुरावा आहे. पहिल्या मंडलातल्या एकशे चौसष्टाव्या, कोड्यांनी भरलेल्या सूक्तात संवत्सराचे चाक येते: चाक एक, त्याला प्रधी बारा. बारा प्रधी म्हणजे बारा महिने, हा अर्थ उघड आहे. पण प्रधी हा चाकाच्या घेराचाच भाग आहे. एका चाकाला बारा प्रधी असतील तर घेर बारा तुकड्यांचा झाला, आणि तुकड्यांचा घेर आपल्या बैलगाडीसारखा तासून करता येतो. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात गाईचे मन वासराशी जडावे म्हणून जो मंत्र आहे, त्यातही प्रधी, उपधी आणि तुंबा (चाकाचा मधला गड्डा) यांचे एकमेकांत बसणे दाखल्याला घेतले आहे.

नेमी आणि बारा प्रधी, दोन्ही साक्षी ऋग्वेदातल्याच. मग कुणाचे ऐकावे? मला वाटते, बारा प्रधींना सुतारकीचा पुरावा म्हणून फारसे वजन देऊ नये. तिथे आकडा पंचांगाने ठरवला आहे, चाकाने नाही. बारा महिने बसवायचे होते म्हणून बारा तुकडे आले. उलट नेमीच्या उपमेत वाकवणे हेच साम्य आहे. ते काढून घेतले तर उपमेत काही उरत नाही. ऐकणाऱ्यांना नेमी वाकवतात हे माहीत नसते तर उपमा पडली असती. तरीही प्रधी पूर्णपणे बाजूला टाकता येत नाहीत. दोन्ही प्रकारची चाके एकाच काळी रस्त्यावर असायला काय हरकत आहे? गाडीचे चाक तासलेले, रथाचे वाकवलेले. आजही एकाच गावात टायरची आणि लाकडी चाकाची बैलगाडी शेजारी शेजारी उभ्या असतात.

लाकूड कुठले, याबद्दल ग्रंथ थोडे अधिक बोलतात. तिसऱ्या मंडलात विश्वामित्रांच्या सूक्तात रथ मोडू नये म्हणून केलेली प्रार्थना आहे. तिथे खैराच्या गाभ्याचे आणि शिंशपेचे नाव येते. शिंशपा म्हणजे उत्तरेकडचा शिसम. खैर दगडासारखा, वाकायला निरुपयोगी, पण शिसमाचे लाकूड चिवट आहे आणि ते वाफेवर चांगले वळते. चाकांसाठी त्याचा वापर ब्रिटिशांच्या तोफगाड्यांपर्यंत चालू होता. दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात सूर्येचा रथ पळस आणि सावरीचा सांगितला आहे. ही दोन्ही लाकडे रथाच्या दृष्टीने कुचकामी; वऱ्हाडाच्या रथावर लाल फुलांची शोभा असावी, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

आणखी एक जुना साक्षीदार ग्रीक आहे. ‘इलियड’मध्ये हे काम दोनदा येते, आणि दोन्ही वेळा मरणाच्या संदर्भात. चौथ्या सर्गात सिमोइसिओस नावाचा तरुण अजॅक्सच्या भाल्याने पडतो. कवी म्हणतो की तो पाणथळ कुरणातल्या पॉपलरसारखा पडला. रथकाराने रथाची नेमी वाकवण्यासाठी तो तोडला आणि आता तो नदीकाठी वाळत पडला आहे. एकविसाव्या सर्गात प्रायमचा मुलगा लायकेऑन अकिलिसच्या हाती लागतो. पूर्वी एकदा तो असाच पकडला गेला होता, तेव्हा रात्री बापाच्या बागेत रानअंजिराच्या कोवळ्या फांद्या तोडत होता. रथाच्या पेटीचा कठडा करायचा होता. पहिल्या ठिकाणी खोड वाळवण्याची गोष्ट आहे, दुसऱ्या ठिकाणी कोवळी ओली फांदी. कठड्यासाठी बोटभर जाडीची हिरवी फांदी गुडघ्यावरही वळेल. तिला ना विस्तव लागतो ना वाफ. जाड नेमीसाठी मात्र वाळलेले खोड हा उलटा उद्योग आहे, वाळल्यावर वाकवणे अवघड होते. होमरला इथे कारागिरी दाखवायची होती की नदीकाठी पडलेला देह, हे ज्याने त्याने ठरवावे. मी त्या वाळण्यावर रीत उभारणार नाही.

वाढतानाच वाकवणे हाही एक मार्ग आहे. पालखीचा कमानदार दांडा ज्या बांबूचा करत, तो बेटात कोवळा असतानाच बांधून वळवत, असे सतराव्या शतकातले युरोपीय प्रवासी लिहितात, आणि अशा बांबूला मोठी किंमत येई. रथाच्या नेमीसाठी असे कुणी केल्याचा उल्लेख मात्र मिळत नाही.

आता पाली ग्रंथांकडे. ते मराठी वाचकाच्या ओळखीचे करून देण्यात गोव्याच्या धर्मानंद कोसंबींचा वाटा मोठा आहे, आणि कारागिरांचा शोध घेणाऱ्याला वैदिक वाङ्मयापेक्षा तिथे जास्त सापडते. बुद्ध आणि भिक्खू पायी हिंडत, गावाच्या वेशीवरून जात, आणि कामे वेशीवरच चालत.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात पचेतन राजाची गोष्ट आहे. बुद्ध ती वाराणसीजवळ इसिपतनात सांगतो. राजा रथकाराला म्हणतो, सहा महिन्यांनी लढाई आहे, चाकांची नवी जोडी कर. सहा महिन्यांना सहा दिवस उरतात तेव्हा एकच चाक झालेले असते. राजा विचारतो, उरलेल्या सहा दिवसांत दुसरे होईल का? रथकार होय म्हणतो आणि करून आणतो. दिसायला दोन्ही सारखी, राजाला फरक कळत नाही. मग रथकार सहा दिवसांत केलेले चाक ढकलतो. रेटा होता तोवर ते जाते, मग गरगरून जमिनीवर पडते. सहा महिन्यांचे चाक ढकलतो. रेटा संपतो तिथे ते आसात बसवल्यासारखे उभे राहते. कारण सांगताना रथकार घेर, आरे आणि तुंबा असा क्रमाने हिशेब देतो. लवकर केलेल्या चाकाच्या या तिन्ही भागांत वाकडेपणा आहे, दोष आहे आणि कसाव आहे, म्हणजे लाकडातला काढून टाकायला हवा तो मळ. पहिल्यात यांतले काही नाही. शेवटी बुद्ध म्हणतो, तो रथकार मीच होतो. तेव्हा लाकडाच्या वाकडेपणात निष्णात होतो, आता काया, वाचा, मनाच्या वाकडेपणात आहे.

सहा महिने आणि सहा दिवस हे आकडे कथेचे आहेत, त्यांवरून कामाचे वेळापत्रक काढू नये. पण चाचणी खरी वाटते. चाक ढकलून सोडणे आणि ते कुठे, कसे पडते ते पाहणे, ही तपासणी ज्याने चाके केली त्यालाच सुचेल. दोषांची यादीही तशीच. ओले लाकूड घाईने जोडले की वाळताना ते पिळते, आखडते, घेर गोल राहत नाही. वाकवलेल्या घेराचे तर आणखी कठीण: साच्यात किंवा दोरांनी जखडून तो पुरता वाळू दिला नाही, तर सोडल्यावर पुन्हा उघडू पाहतो. सहा दिवसांच्या नेमीचा वाकडेपणा हाच, असे म्हणण्याचा मोह होतो. पण सुत्तात तोच दोष आऱ्यांना आणि तुंब्यालाही लावला आहे, आणि तुंबा तरी वाकवून करत नाहीत. तेव्हा लाकूड मुरू द्यायला वेळ लागतो एवढेच या गोष्टीतून निश्चित निघते.

उष्णता प्रत्यक्ष दिसते ती बाण करणाऱ्याकडे. मज्झिम निकायातल्या देवदह सुत्तात दृष्टान्त असा: बाणकार बाणाची काडी दोन जळत्या कोलितांच्या मधे धरून तापवतो, फिरवतो, सरळ आणि कामाजोगी करतो. एकदा ती तशी झाली की पुन्हा तापवण्याची गरज उरत नाही. साधकाने दुःख सोसण्याविषयी तिथे बोलणे चालले आहे. पण कारागिरीच्या बाजूने पाहिले तर दोन गोष्टी हाती लागतात. उष्णता दोन्ही बाजूंनी आणि फिरवत द्यायची, म्हणजे एक बाजू करपून दुसरी कच्ची राहत नाही. आणि तापवून दिलेला आकार निवल्यावर कायम राहतो, हे सर्वांच्या परिचयाचे होते.

त्याहून जवळचे दृश्य महाजनक जातकात आहे. राज्य सोडून निघालेला महाजनक आणि त्याच्यामागून हट्टाने येणारी राणी सीवली थूणा नावाच्या नगरात बाणकाराच्या दारी पोचतात. बाणकार निखाऱ्यांच्या खापरात बाण तापवतो आहे, आंबट कांजीने तो भिजवतो आहे आणि एक डोळा मिटून दुसऱ्याने त्याच्या लांबीवरून नजर टाकत सरळ करतो आहे. राजा विचारतो, एक डोळा का मिटलास? तो सांगतो, दोन डोळ्यांनी नजर फाकते, वाकडा भाग दिसत नाही. एकाने पाहिले की नेमका दिसतो. राजा त्यातून एकटे राहण्याचा धडा काढतो आणि राणीला ऐकवतो. बिचाऱ्या सीवलीला हे सुनावण्यासाठी बाणकाराची साक्ष काढावी लागली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हे जातक रंगवलेले आहे. त्यात दरबार, नर्तकी, अभिषेक आणि घोड्यावरून निघालेला राजा ओळखता येतो.

या दृश्याचे दोन थर वेगळे करायला हवेत. मिटलेला डोळा जातकाच्या गाथेत आहे, म्हणजे जुन्या पद्यभागात. निखारे आणि कांजी येतात ती गद्य निवेदनात, आणि जातकांचे गद्य आज आहे त्या रूपात साधारण पाचव्या शतकातले मानतात. तेव्हा कांजीची साक्ष बुद्धकाळाची म्हणून देता येत नाही. गुप्तकाळाच्या आसपास बाणकार असे करत, एवढे ती सांगते. पण हे सुचवायला कथाकाराला धर्मदृष्ट्या काही कारण नव्हते. कांजीतून कसलाही उपदेश निघत नाही. ज्या तपशिलाचा लेखकाला उपयोग नाही, तो बहुधा पाहिलेला असतो.

कांजी का, साधे पाणी का नाही? जातक सांगत नाही. पेजेचे पाणी किंचित दाट असते, काडीवर ते जास्त वेळ धरून राहते, चटकन उडून जात नाही. त्यामुळे वरचा पापुद्रा करपत नाही आणि ओल आत शिरायला अवधी मिळतो. शिवाय आंबलेली पेज घरोघरी असायची. हा माझा तर्क आहे. आंबटपणामुळे लाकूड अधिक मऊ पडते, असे मात्र मी म्हणणार नाही. काठी किंवा बांबू शेकून सरळ करणारे आजही ओल आणि आच यांचा हाच मेळ घालतात.

बाण आणि नेमी यांना जोडणारा दुवा ‘धम्मपदा’त आहे. पंडितवग्गातली एक गाथा, जी थोड्या फरकाने दंडवग्गातही येते, पाणी नेणारे पाटकरी, बाणकार आणि सुतार यांना एका रांगेत बसवते. बाणकार बाण नमवतात, सुतार लाकूड नमवतात, शहाणे स्वतःचे दमन करतात. बाण आणि लाकूड दोहोंसाठी क्रियापद एकच आहे. बाणाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय हे देवदह सुत्तावरून कळते: तापवून. मग सुताराच्या बाबतीतही तापवूनच, असे धरले तर साखळी पुरी होते: नेमी वाकवत हे ऋचेतून, तापवून वाकवत हे गाथेतून, ओल देत हे जातकातून.

इतकी सरळ जुळलेली साखळी पाहिली की मला संशय येतो. धम्मपदाची अट्ठकथा, पाचव्या शतकाच्या सुमाराची, ही गाथा उलगडताना बाणकाराविषयी म्हणते की तो काडी तापवून सरळ करतो. सुताराविषयी म्हणते की तो नेमी, चाके वगैरेंसाठी लाकूड तासतो आणि आपल्या मर्जीप्रमाणे सरळ किंवा वाकडे करतो. तापवणे इथे नाही, तासणे आहे. गाथेशी जोडलेल्या कथेतही पंडित नावाचा श्रामणेर सारिपुत्तांबरोबर भिक्षेला जाताना आधी बाण तापवणारे पाहतो, मग आरे, नेमी, तुंबे करणारे सुतार पाहतो. विस्तव पहिल्यांच्याच जवळ आहे.

म्हणजे पाचव्या शतकातल्या टीकाकाराच्या डोळ्यांपुढे नेमी वाकसाने तासणारा सुतार होता. बैलगाडीचे चाक करणारा आपला सुतारही तेच करतो. यातून दोन गोष्टी संभवतात. एक, गाथेतले नमवणे पहिल्यापासूनच मोघम होते आणि सुतार नेहमी तासतच असे. दुसरी, वैदिक काळची वाकवलेली नेमी मधल्या हजारभर वर्षांत मागे पडली आणि टीकाकाराने आपल्या काळची रीत जुन्या शब्दात वाचली. मी दुसरीकडे झुकतो. हलका रथ युद्धातून हळूहळू बाद झाला. हत्ती, घोडेस्वार आणि बैलगाडी उरली. लोखंडी धाव सर्रास झाल्यावर तर तुकड्यांच्या घेराची कमजोरीही उरली नाही, कारण त्याला बाहेरून आवळणारे कडे मिळाले. वाकवण्याची कटकट करायला कारणच राहिले नाही.

तर वैदिक नेमीची रीत माझ्या मते अशी असावी. लाकूड करवतीने कापलेले नव्हे, तंतूंच्या रेषेत फोडून काढलेले, म्हणजे वाकवताना कुठे तंतू तुटका राहत नाही. ते हिरवे असतानाच घेतलेले. हिरव्या लाकडाला निखाऱ्यांवर धरले की आतले पाणीच तापून त्याला आतून वाफवते, वेगळी वाफेची पेटी लागत नाही. वरून भिजवत, फिरवत तापवणे बाणासारखेच, फक्त जास्त वेळ. मग गोल खोडाभोवती किंवा जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांभोवती ओढून बांधणे आणि महिनोन्‌महिने वाळू देणे. लचाशेनप्रमाणे दोन अर्धवर्तुळांची जोडी केली तर काम सोपे होते. यातले वाकवणे ग्रंथोक्त आहे. आच आणि ओल भौतिकशास्त्राने अटळ ठरते व बाणकाराच्या साक्षीने शक्यतेत येते. हिरवे लाकूड, फोडणे आणि खुंट्या यांना एकही वचन नाही. ती जागा मी इतर देशांतल्या वस्तूंवरून भरली आहे.

आणखी एक मोह टाळायला हवा. श्रौतसूत्रांत कुणी कुठल्या ऋतूत अग्न्याधान करावे ते सांगितले आहे: ब्राह्मणाने वसंतात, क्षत्रियाने ग्रीष्मात, वैश्याने शरदात, आणि रथकाराने पावसाळ्यात. लाकूड ओले राहण्याचा ऋतू आणि रथकाराचा ऋतू एकच, हे वाचून हात शिवशिवतात. पण या वचनाची चर्चा करणाऱ्या मीमांसकांना लाकडाशी देणेघेणे नव्हते. रथकार म्हणजे रथ करणारा कुणीही द्विज की स्वतंत्र जात, यावर मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात वाद आहे, आणि निर्णय स्वतंत्र जातीच्या बाजूने लागतो. चार ऋतू चौघांना वाटायचे होते, तीन आधीच गेले होते.

शुल्बसूत्रांत तर रथाची मापेही आहेत: दांडी १८८ अंगुळे, आस १०४, जू ८६. वेदी आखताना ही मापे लागत म्हणून ती टिकली. त्या यादीत चाकाचा व्यास नाही, नेमीची जाडी नाही.

नेमी वाकवत की तासत, हा वाद वस्तूनेच मिटेल, आणि ओल्या थरात लाकूड टिकते हे आपल्याकडेही दिसले आहे. पाटण्याच्या बुलंदीबागेत लाकडी तटबंदी मिळाली आणि तिच्याबरोबर आऱ्यांचे एक चाकही, पण ते मौर्यकाळातले. वसिष्ठांच्या उपमेची साक्ष द्यायला फार उशिराचे. त्याहून जुन्या थरात, एखाद्या विहिरीच्या गाळात, घेराचा हातभर तुकडा मिळाला तरी पुरे. त्यात पाहायचे ते एवढेच: तंतू वळणाबरोबर फिरले आहेत की वळणाने कापले गेले आहेत. कापले गेले असतील तर अट्ठकथाकार बरोबर. फिरले असतील तर आधी वाढवलये तपासायची, कारण मुळात बाक असलेल्या फांदीतही तंतू तसेच फिरतात. आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या कडेच्या पेशींच्या भिंतींवर दाबाने पडलेल्या चुण्या दिसल्या, तर ते लाकूड आधी मऊ करून मगच वाकवलेले होते.